मागे उभं राहणारं माणूस

"ये… ये… अजून ये… बास!"

आर्डिसने मूठ वळली. लाइलने ब्रेक दाबला. ट्रेलरची लांब मान पिकअपच्या हौद्यातल्या लोखंडी गोळ्यावर बरोब्बर आली होती. आर्डिसने दांडा फिरवत मान खाली उतरवली. खट्ट. एका फटक्यात काम.

विक्रेता ट्रॅव्हिस बघतच राहिला. "तुम्ही दोघं सर्कशीत होतात की काय?"

"सर्कसच ती," आर्डिस म्हणाली. "याच्याशी लग्न केलं ना!"

आमच्या मोंटानात जड ओढायची पिकअप घ्यायची, तर आपला ट्रेलर आपल्या गुरांसकट दुकानात न्यायचा आणि तिथल्या गाडीला जोडून मागचा चढ चढवून बघायचा. विकणाऱ्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवतो? जोडायचं काम मात्र दोघांचं. एक गाडीत, एक मागे. नवरा-बायकोची खरी भांडणं आमच्याकडे स्वयंपाकघरात होतच नाहीत, ट्रेलर जोडताना होतात. डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे, एवढ्यावरून लोक आठवडाभर अबोला धरतात. लाइल आणि आर्डिस लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात काय ते भांडून मोकळे झाले होते. तेव्हापासून तिचा हात हलायचा आणि त्याची गाडी हलायची. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच, रानात दोघंच.

दुकानातली ती वापरलेली पिकअप चढ मस्त चढली. आर्डिस खूश झाली. लाइलने जन्मात कधी नवी गाडी घेतली नव्हती. दुसऱ्याने वापरलेली आणायची, स्वतः खाली घुसून दुरुस्त करायची आणि पार खिळखिळी होईपर्यंत पळवायची. आता सौदा झालाच म्हणून ती ट्रॅव्हिसकडे वळली, तर लाइल म्हणाला, "ती नवी पण बघू या."

"नवी? ऊन लागलं का रे तुला?"

"बघायला काय जातंय?"

ट्रॅव्हिसच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. त्याने नव्या गाडीतला पडदा चालू केला. "हौद्यावर कॅमेरा आहे. गोळा कुठे, मान कुठे, सगळं इथं समोर दिसतं. मागे कुणी उभं राहायलाच नको. मॅडम घरी आरामात बसतील."

मॅडमच्या अंगाची लाही लाही झाली. लाइल मात्र भलतंच काहीतरी विचारत बसला. बिघडली तर दुकानाचा माणूस घरी येतो ना? किती वर्षं येतो? सीट किती पुढे सरकते? चढायला पायरी खाली उतरते का?

"अरे, आख्खं इंजिन अंगणात खोलून ठेवणारा माणूस तू," आर्डिस म्हणाली, "आणि दुकानाचा माणूस कसला बोलावतोस?"

"आता नाही जमत गं खाली घुसायला."

वसंतात त्याची पाठ धरली होती. तेव्हा तो एकटाच बिलिंग्ज शहरात डॉक्टरकडे जाऊन आला होता. "म्हातारपण, दुसरं काही नाही," एवढंच म्हणाला होता. म्हातारपणी पुरुषांना असली खुळं सुचतातच, आर्डिसच्या मनात आलं. पण तो पुन्हा त्या पडद्यापाशी गेला, वाकून वाकून बघायला लागला, तेव्हा तिला राहवेना.

"सरळ सांग ना, माझा कंटाळा आलाय म्हणून! एवढी वर्षं बर्फात, वाऱ्यात मागे उभी राहिले. आज कॅमेरा गोड लागायला लागला होय?"

ट्रॅव्हिस टायरकडे बघायला लागला. तिला रडूच फुटायच्या बेतात आलं. कुंपण तो एकटा घालायचा. गाय अडली तरी तो एकटा सोडवायचा. फक्त ट्रेलर जोडताना त्याला ती लागायची. तेवढं एकच काम तिचं होतं आणि तेही तो आज दुकानात, परक्या माणसादेखत काढून घेत होता.

"बस," लाइल म्हणाला.

"कुठे?"

"गाडी चालवायला. मी मागे उभा राहतो."

"मी? मी कधी ट्रेलर जोडलाय?"

"म्हणून तर. बस."

ट्रॅव्हिसने जुनी पिकअप ट्रेलरपासून सोडवली आणि नवी ट्रेलरसमोर आणून लावली. आर्डिस रागारागानेच चढली. सीट पुढे घेतली. पाय व्यवस्थित पोचले. पडद्यावर लाइल दिसत होता, ट्रेलरच्या मानेशेजारी उभा. सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. हा एवढा वाळला कधी? त्याने हात वर केला आणि खुणा करायला लागला. सगळ्या चुकीच्या. इतकी वर्षं बघूनही त्याला साधी 'थांब'ची खूण येत नव्हती. तिला हसू आलं, मग घाबरायला झालं. तिने गाडी इंचभर मागे घेतली आणि ब्रेक दाबून धरला.

तो खिडकीपाशी आला. "माझ्या हाताकडे बघू नकोस. त्या गोळ्याकडे बघ."

"तू उभा आहेस ना मागे? मग तुझ्याकडेच बघणार मी."

"नको, आर्डिस. कॅमेऱ्यावरच शीक."

"पण का?"

लाइलने खिडकीवर हात ठेवला. तो ट्रॅव्हिसला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलला.

"ऑक्टोबरात वासरं बाजाराला न्यायची, तेव्हा मी नसेन."