विहिरीतलं शिबिर

केवळाबाई तिसऱ्यांदा साठ फूट उतरून वर आली आणि काठावर बसून तिनं लाल टोपी काढली. कमरेला पट्ट्यांचं हार्नेस तसंच होतं. त्याला बांधलेला दोर सगळा वेळ ढिलाच राहिला होता.

पुण्याच्या गिर्यारोहण क्लबातून शिकवायला आलेली सिंधुबाई खूश होती. ती बायकांना म्हणाली की हीच खरी रीत. दोराला लोंबकळायचं नाही, दोर फक्त पडलो तर. चढायचं ते आपल्या बोटांवर अन् पायांवर. परदेशातले नावाजलेले लोकही आता असेच चढतात, त्याला फ्री क्लाइंबिंग म्हणतात.

"मग आमी दोन वर्सं काय करून राहिलो?" केवळाबाईनं विचारलं.

बायका हसल्या. म्हातारी धोंडाबाई म्हणाली की आपलं तर त्याच्याहून फ्री, आपल्याला दोरच नव्हता. होता तो घागरीला लागायचा.

दोन वर्षं पाऊस नव्हता. गावात पाणी उरलं होतं ते फक्त गुरुबसप्पा नावाच्या शेतकऱ्याच्या या विहिरीत, तेही तळाला, वाटीनं भरायचं. दगडांच्या खोबण्यांत बोटं घालून बायका रोज उतरत. माघात गुणाबाई पडली. ती वर आली ती खाटेला बांधूनच. गावानं टँकर मागितला. जिल्हा नुकताच नवा झालेला. जिल्ह्याच्या कामाला उस्मानाबादचे खेटे वाचले म्हणून गावानं पेढे वाटले होते. नवा जिल्हा, नवी जीप, नवे साहेब. साहेबांनी टँकर पाठवला नाही. विहिरीत उतरायचं शिकवायला तीन दिवसांचं शिबिर पाठवलं.

आज ते स्वतः सर्टिफिकिटं वाटायला आले होते. मुरुडहून फोटोवाला आणला होता. बायका पास झाल्या म्हटल्यावर त्यांनी बॅगेतून एक टाइप केलेला कागद काढला अन् सिंधुबाईला सही करायला सांगितलं. तिनं तो बायकांना ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचायला घेतला. पण शेवटाकडे तिचा आवाज खाली येत गेला.

"सदर गावातील महिला विहिरीत उतरण्यास प्रशिक्षित झाल्या असून पाणी हाताशी उपलब्ध आहे. सबब टँकरची आवश्यकता नाही."

 धोंडाबाईनं विचारलं की पास झालो म्हणून टँकर नाही का? साहेब हसले. म्हणाले, हे तर तुमचं कौतुकच आहे, आजी.

केवळाबाईला सगळा हिशेब उलगडला. आज तिचे पाय लटपटले असते, ती मधेच रडली असती, तर टँकर आला असता. तिला चढता येतं, हाच तिच्या गावाचा गुन्हा ठरला होता.

सिंधुबाईनं सही करायला साफ नकार दिला. साहेब म्हणाले, तुमची नसली तरी चालतं, माझी पुरते. आधी फोटो घेऊ. कागद काठावर ठेवून त्यावर त्यांनी दगड ठेवला. फोटोवाला म्हणाला, साहेब स्वतः दोरावर असले तर फोटो पेपरात लागेल. साहेबांनी लाल टोपी चढवली.

सिंधुबाईनं त्यांचं हार्नेस आवळलं, गाठ दोनदा तपासली. विचारलं, वर दोर कोण धरतंय?

"मी," केवळाबाई म्हणाली. तिनं दोर कमरेमागून घेतला आणि टाच काठाच्या दगडाला रोवली. मागं चौघीजणी दोराचं टोक धरून बसल्या.

साहेब पाच फूट उतरले, मग दहा. फोटोवाल्यानं चार फोटो काढले. साहेबांनी वर बघून ओढा म्हणून सांगितलं. दोर हलला नाही. त्यांनी खोबणीत पाय घातला, चामडी बूट सटकला. दुसरा घातला, तोही सटकला. ते भिंतीशी एकदा गरकन फिरले आणि लोंबकळत राहिले.

"सायेब," केवळाबाईनं वरून विचारलं, "पानी हाताशी हाय का?"

साहेबांनी सिंधुबाईला हाका मारल्या. ती काठावर आली. तिनं केवळाबाईची कंबर बघितली, हात बघितले, रोवलेली टाच बघितली.

"दोर बरोबर धरलाय," ती खाली वाकून म्हणाली. "तुम्ही पडणार नाही." आणि ती तिथंच मांडी घालून बसली.

साहेबांनी पोलिसांचं नाव काढलं, प्रत्येकीवर केस करतो म्हणाले.

"करा की. मी कुटं पळून राहिले? हितंच हाय." केवळाबाईनं मान वळवली. "बाई, त्या कागदावर 'न्हाई' कुटं लिवलंय?"

सिंधुबाईनं शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं.

"तेवढंच खोडा म्हनावं. 'हाय' लिवा अन् खाली सही करा."

धोंडाबाईनं कागद अन् पेन बादलीत टाकलं आणि घागरीच्या दोरानं बादली अलगद साहेबांच्या छातीपर्यंत सोडली. फोटोवाल्यानं कॅमेऱ्यात नवा रोल भरला.

 केवळाबाई मागं रेलून बसली होती. तिला तिथून साहेब दिसत नव्हते, फक्त काठावरून खाली गेलेला ताठ दोर दिसत होता. बराच वेळ तो तसाच राहिला. मग तिच्या कमरेपाशी तो बारीक थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला.

खाली माणूस लिहीत होता.