भरदुपारची गोष्ट

मुलांनो, जरा डोळ्यांपुढं आणा. मे महिन्यातली भरदुपार. बाजारकुणंग गावचं समाजमंदिर. जाजमावर चाळीसेक माणसं बसली आहेत आणि त्यांच्यापुढं माईक धरून शिवानंद सर उभे आहेत. सर गावोगाव फिरून व्याख्यानं देत. आजचा विषय होता 'आपल्या गोष्टी, आपला वारसा'. सरांचं बोलून झालं होतं. आता गावातल्या कुणीतरी एक जुनी गोष्ट सांगायची, एवढंच उरलं होतं.

आणि कुणी उठतच नव्हतं.

"केशरआजी, तुम्हांला ढीगभर गोष्टी येतात म्हणे," सर म्हणाले.

"येत्यात की. पण दिवसा न्हाई सांगत. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो."

"कुणाचा मामा?"

"ऐकायला बसलेल्या पोरांचा. आणि आमच्या वैष्णवीचा मामा आत्ता वाटेवर हाय."

"माझ्या मामाला गोष्ट लागत न्हाई, सर," मागून झिलू ओरडला. "सांज झाली की आपसूकच चुकतोय!"

सगळे हसले. आजी हसली नाही.

वैष्णवी दाराशीच बसली होती. दहा वर्षांची असेल. शेजारी पत्र्याची ट्रंक. आई-वडील लहानपणीच गेलेली ही नात आजीजवळ वाढली होती. खानापूरच्या वसतिगृहात तिला जागा मिळाली होती. त्यासाठी आजीनं, डोळ्यांना धड दिसत नसताना, जोयड्याला तालुक्याच्या कचेरीत चार खेपा घातल्या होत्या. आज पाचच्या आत हजर झालं नाही, तर ती जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. म्हणून पुंडलिकमामा मोटरसायकलवरून न्यायला निघाला होता.

रस्त्यावर काही वाजलं की पोर उठून बाहेर बघून येई. सरांना तिची कीव आली.

"कधी एकदा मामा येतो असं झालंय ना?"

वैष्णवीनं उलट त्यांनाच विचारलं, "सर, मामा खरंच वाट चुकतोय काय वो?"

"छे गं! रस्ता एकच आहे. फाटासुद्धा नाही. चुकेल कसा?"

तिचा चेहरा उतरला. मग थोडा वेळ ती जाजमाचा धागा ओढत बसली. आणि एकदम उभी राहिली.

"मी सांगते गोष्ट."

"ए, खाली बस!" आजी म्हणाली. "मामा वाटेवर हाय तुझा!"

"सांगू द्या, आजी," सर म्हणाले. त्यांना भरून आलं होतं. तासभर त्यांनी जे समजावलं, ते या एवढ्याशा पोरीला कळलं होतं. "बघा, ही घाबरत नाही. जबाबदारी माझी."

वैष्णवीनं माईक घेतला.

एका कुळवाड्याच्या लेकीचं वासरू रानात हरवलं होतं. लेक त्याला शोधायला निघाली. वासराच्या गळ्यातली घंटा कधी डावीकडं वाजे, कधी उजवीकडं. पोर छान सांगत होती. ऐकता ऐकता माणसं पुढं सरकली.

तेवढ्यात मोटरसायकलचा आवाज आला.

"आला!" झिलू म्हणाला.

आवाज जवळ आला. अगदी समाजमंदिरापर्यंत आला. मग तसाच पुढं जात जात रानात विरून गेला. झिलू दारापर्यंत जाऊन परत आला.

"कोण होतं?"

"कुणीच न्हाई की."

वैष्णवी थांबली नव्हती. लेक आता ओढ्यापाशी पोचली होती.

आवाज पुन्हा आला. पुन्हा दाराशी येऊन गेला. या वेळी खिडकीजवळच्या चौघांनी बाहेर डोकी काढली. रस्ता मोकळा होता. धूळसुद्धा उडाली नव्हती.

सरांनी घड्याळ पाहिलं. अडीच वाजले होते. गोष्टीतल्या लेकीला एव्हाना वासरू सापडलं होतं.

मग खिडकीत ठेवलेला आजीचा फोन वाजला. गावात रेंज तेवढ्या एका खिडकीतच येई. सरांनी फोन उचलून स्पीकर लावला.

"मावशी, पुंडलिक बोलतोय." मामाला धाप लागली होती. "तिसऱ्यांदा गावाबाहेरच्या त्याच मोरीवर आलोय बघा. समाजमंदिराची कौलं दिसत्यात. तुमचा माईकबी ऐकू येतोय. पुढं गेलो की परत मोरीच! काय चाललंय वो हे?"

कुणी हसलं नाही.

"रस्ता तर एकच..." सर पुटपुटले.

"गोष्ट पुरी होईस्तोवर वाट सापडत न्हाई," केशरआजी हळूच म्हणाली. "पुरी झाली की मोकळी होते. म्हण बाय, लौकर म्हण. पाच वाजता तिथं पोचायचंय."

फोन चालूच होता. मामाच्या गाडीचं इंजिन त्यात धडधडत होतं.

"म्हण बाळ," सर म्हणाले. आता तेच सगळ्यांत जास्त घाबरले होते. "वासरू सापडलं ना? मग संपव."

"एकच वाक्य राहिलंय की!" झिलू म्हणाला. "लेक वासरू घेऊन घरला आली, म्हण आणि सोड!"

चाळीस माणसं वैष्णवीकडं बघत होती. वैष्णवी आजीकडं बघत होती. आजी मान हलवून हलवून तिला धीर देत होती, जरा भलत्याच दिशेला बघत.

वैष्णवी माणसांतून वाट काढत आजीजवळ गेली. आजीच्या मांडीला मांडी लावून ऐसपैस बसली. माईक तोंडाशी नेला.

"त्या लेकीला सहा बहिणी होत्या," ती म्हणाली. "थोरलीपासून सांगते."