विहीणबाईंची बरणी

विहीणबाईंच्या बाथरूमची कडी आतून लावून माईंनी आधी नळ सोडला. पाणी नको होतं, आवाज हवा होता. मग त्यांनी आरशामागचं छोटं कपाट हळूच उघडलं.

साबणाची वडी, तीही कागदाशिवायची. शाम्पूचीसुद्धा वडीच. तोंड पुसायला जुन्या चादरीचे शिवलेले चौकोन, लाकडी कंगवा, तेलाची काचेची बाटली. प्लास्टिक औषधालाही नाही. माईंनी मागचा कप्पा चाचपला, टॉवेलांच्या घड्यांत हात घातला. कुठेतरी एक महागडी, परदेशी क्रीमची बरणी असणारच. नुसत्या साबणाने कुणाचा चेहरा उजळत नसतो. निदान विहिणीचा तरी नाही.

ती बरणी सापडणं फार गरजेचं होतं. प्रश्न एकुलत्या एका लेकीचा होता. लेक सांडपाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. शहराने काल कशाने डोकं धुतलं ते ती नाल्याच्या फेसावरून सांगे. लग्नाआधी ती माईंना रोज बजावायची, की तुझ्या त्या स्क्रबमधले दाणे प्लास्टिकचे आहेत, ते नदीत जातात आणि माशांच्या पोटात बसतात. माई म्हणायच्या, जिला मी न्हाऊमाखू घातलं, ती आता मला तोंड धुवायला शिकवणार का? मासे काही माईंच्या ओळखीचे नव्हते.

लग्न झालं आणि लेकीने उपदेश बंद केला. नुसतं कौतुक सुरू केलं. सासूचं. आमच्या आईंनी सगळ्या बाटल्या टाकून दिल्या, काय तजेला आलाय चेहऱ्यावर! लेकीने फोनवर ‘आई’ म्हटलं की माईंना आता विचारावं लागे, कुठली? माईंची सारी नोकरी टेलिफोन खात्यात गेलेली. पलीकडचा माणूस खोटं बोलत असला तर त्यांना नुसत्या श्वासावरून कळे. लेकीच्या श्वासात खोट सापडेना, हीच तर आग होती.

स्क्रब त्याच आठवड्यात केराच्या टोपलीत गेला. माईंनी शाम्पूची वडी आणली, तर कळलं की विहीणबाई तेलाचीसुद्धा जुनीच बाटली दुकानातून भरून आणतात. माईंनी बाटली भरून आणली, तोवर विहीणबाई ओले कागदी रुमाल सोडून धुवायच्या कापडावर आलेल्या. माई कायम एक पायरी खाली. नदीशी त्यांचं वैर नव्हतं, तसं प्रेमही नव्हतं. पण विहीण नदीसाठी काही करते म्हटल्यावर हातावर हात ठेवून बसवेना.

दारावर टकटक झाली.

“सापडली का?” विहीणबाईंचा आवाज अगदी शांत होता.

माईंनी नळ बंद केला. “काय सापडायचंय?”

“क्रीमची बरणी हो. गेल्या महिन्यात तुमच्याकडे आले होते ना, तेव्हा मीही नळ सोडून शोधली. तुमच्याकडेही नाही.”

माईंनी कडी काढली. चोराला चोर भेटला की बरं वाटतं, तसं त्यांना वाटलं.

मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चहा झाला आणि दोघींची मनं मोकळी झाली. विहीणबाई म्हणाल्या, की या घरात सून उठताबसता माईंचंच गुणगान करते. माझ्या आईचे केस, माझ्या आईचा साबण, माझ्या आईने तर कंगवासुद्धा लाकडाचा घेतला. ऐकून ऐकून त्यांना म्हणे घास गिळवत नसे. माईंना आतून गुदगुल्या झाल्या. म्हणजे शत्रूच्या गोटात रोज आपल्या नावाचा जप! मग लक्षात आलं, की फोनवर तितकाच जप विहिणीच्या नावाचा झालेला आहे. आनंद वाटल्याने वाढतो म्हणतात. माईंचा निम्मा झाला.

“पोरीने आपल्याला झुंजवलं की हो,” माई म्हणाल्या.

“आणि आपण झुंजलो,” विहीणबाई म्हणाल्या. “तेही झुंजीच्या कोंबड्यांपेक्षा चुरशीने.”

लेक संध्याकाळी कामावरून आली. आई आणि सासू टेबलाच्या एकाच बाजूला बसलेल्या पाहून तिला काय ते उमगलं. तिने पिशवी ठेवली, पाण्याचा पेला भरला. दोघींना अशा थापा मारताना जीभ कशी अडखळली नाही, असं विहीणबाईंनी विचारलं. ती म्हणाली, की यातली एकही थाप नव्हती. सांगितलं ते सगळं दोघींनी खरोखरच केलं, आणि दोघींचेही चेहरे खरोखरच उजळलेत.

“कुणाचा जास्त?” दोघींनी एकदमच विचारलं.

लेक सावकाश पाणी प्यायली. तिने या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर नजर फिरवली.

“खरं सांगू? आत्याबाईंचा. त्या हल्ली अर्ध्या बादलीत आंघोळ करतात.”

आत्याबाई म्हणजे विहीणबाईंची नणंद. त्या आंघोळीला शिरल्या की बाकीचं घर नाश्ता उरकून कामाला निघून जाई. लग्नघरात माईंनीही ते भोगलं होतं. अर्धी बादली त्यांच्या नुसत्या टाचांना लागत असेल. ही मात्र अस्सल थाप होती, आणि दोघींना ती तिथल्या तिथे कळली. दोघी पोट धरधरून हसल्या. आता नाही हं फसायचं, असं एकमेकींना बजावून माई आपल्या घरी परतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नळाखाली बादली लावली आणि बादलीच्या बरोबर मध्यावर बोट टेकवलं. मग त्यांच्या मनात आलं, की याच घटकेला तिकडे विहीणबाईही असंच बोट टेकवून उभ्या असणार. माईंनी बोट आणखी खाली सरकवलं.