काळी पडलेली बाटली

कळवणच्या त्या गल्लीत घरटी एकाला जुलाब लागले, तेव्हा आरोग्य खात्याची आशाताई असलेली सुवर्णा दारोदार सांगत फिरली, "पाणी उकळून प्या." बाया हसून विचारायच्या, "तुझी सासू पिते का उकळून?" आणि सासू सरुबाई ओट्यावरून ठणकावायची, "चाळीस वर्षं हेच पानी पितेय. मला काय धाड भरली?"

शेवटी सुवर्णानं घरच्याच नळाचं पाणी तपासणीच्या बाटलीत भरून ठेवलं. पाणी खराब असलं की ते त्या बाटलीत काळं पडतं. दुसऱ्या दिवशी ते शाईसारखं झालं होतं. सरुबाईनं बाटली उजेडात धरून पाहिली, पदराखाली घेतली आणि बाहेर पडली.

आता म्हातारी ती गटारात फेकणार, या धास्तीनं सुवर्णा दारापर्यंत धावली. पाहते तर सरुबाई समोरच्या चिमणाबाईच्या नाकापुढं बाटली नाचवत होती.

"बघ, असलं पानी पिता तुम्ही! आमच्यात नाय चालत. आमच्यात पहिल्यापासून उकळूनच पितात."

सुवर्णानं हसू दाबलं आणि सासू परतायच्या आत पातेलं गॅसवर चढवलं.