मिठाचा मोदक

“एकवीस मोदक करायचे, त्यातला एक मिठाचा. जेवताना तो लागला की तिथेच थांबायचं. आणि नैवेद्याआधी कुणाचा दात लागू द्यायचा नाही,” सासूबाईंनी संकष्टीचं व्रत माझ्याकडे सोपवताना बजावलं होतं.

मागच्या संकष्टीला पहिल्याच मोदकात मीठ निघालं. मी मुकाट्यानं पाणी पिऊन उठले.

आज दिवेलागणीला देव्हाऱ्यापाशी आले, तर ताटातला प्रत्येक मोदक उंदरानं कुरतडावा तसा कुरतडलेला. शेजारी पाच वर्षांचे चिरंजीव तांब्याला तोंड लावून बसलेले.

“अरे, नैवेद्य उष्टा केलास? बाप्पा काय म्हणेल?”

“मी विचारलं त्याला. तो काहीच बोलला नाही. तू परत उपाशी झोपशील, म्हणून मिठाचा शोधत होतो.” त्यानं तोंड वेडंवाकडं केलं. “सगळ्यात शेवटी सापडला, ई! आज पोटभर जेवशील ना? शप्पथ?”

“शप्पथ,” मी म्हटलं.

चंद्रोदयाला अजून अवकाश होता. सासूबाईंच्या फोटोकडे पाठ करून मी पुन्हा उकड काढली आणि मिठाचा मोदक वळताना खुणेसाठी गुपचूप एक पाकळी जास्त पाडली.