भरलेला कॅन

"झालं का?" फोनवर कारखान्याचा मॅनेजर होता. दिवसातून दहा वेळा हेच विचारायचा, म्हणून सगळे त्याला पाठीमागे 'झालंका' म्हणत.

"झालं की सांगेन. सारखं सारखं विचारून गोंद चिकटत नसतो," म्हणत बाईंनी फोन आपटला.

सव्वातीन वाजले होते. चार वाजता वर बैठक होती आणि तिथे बाईंचा गोंद कायमचा गुंडाळला जाणार होता. बुटाचा तळवा चिकटवणारा, वासानं डोकं न दुखवणारा, नुसत्या पाण्यात बनणारा गोंद. बाई मुख्य केमिस्ट. सहा वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं, आणि महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या. म्हणजे हा गेला की सगळंच मुसळ केरात.

चीड याची होती की इथे, प्रयोगशाळेत, तो चिकटायचा. असा की तळवा ओढला तर चामडं फाटेल, पण सुटणार नाही. तोच माल, तेच माप कारखान्यात नेलं की सगळं पातळ पाणी. बाईंनी टाक्या घासून घेतल्या, माणसं बदलली. शेवटी भांडभांड भांडून तिथे शुद्ध पाण्याचं भलंमोठं यंत्र बसवून घेतलं, इथल्यासारखंच डिस्टिल्ड पाणी मिळावं म्हणून. त्या दिवसापासून गोंद आणखीच बिघडला होता.

एकदा शेवटचं करून बघू, म्हणून बाईंनी पाण्याचा कॅन उचलला. तो काठोकाठ भरलेला होता. त्यांनी ओतायला सुरुवात केली आणि हात थांबला. कोपऱ्यातलं डिस्टिल्ड पाणी गाळायचं यंत्र परवापासून बंद होतं. त्याची कॉइल जळली होती.

"मावशी, हा कॅन कोणी भरला?"

बेसिनपाशी काचेची भांडी धुणाऱ्या मावशींनी नळ बंद केला. पदराला हात पुसले. मग पुन्हा पुसले.

"मीच."

"कशानं?"

मावशींनी नळाकडे बघितलं.

"आज फक्त?"

"नाही. तसं... पहिल्यापासूनच. ते यंत्र थेंब थेंब गाळतं, बाई. आणि कॅन रिकामा दिसला की तुम्ही अख्खी इमारत डोक्यावर घेता. म्हणून कमी पडलं की मी वरून थोडं घालते. पाणीच तर आहे, म्हटलं."

बाई स्टुलावर बसल्या. ज्या बाईंनी एका बोटाच्या ठशापायी धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लावली, त्यांच्या नाकाखाली सहा वर्षं नळाचं पाणी चाललं होतं. इथल्या नळाच्या पाण्यात क्षार इतके की तोटीवर पांढरा थर चढायचा. आणि कारखान्यातलं पाणी आधीच कमी क्षाराचं, त्यात त्यांनी स्वतः भांडून क्षाराचा कणही राहू दिला नव्हता. गोंदाला नेमकं तेच हवं होतं. त्यांनी आपल्याच हातांनी त्याच्या तोंडचा घास काढून घेतला होता.

खात्री करायला वेळ थोडाच होता. कपाटात डिस्टिल्ड पाण्याची एक सीलबंद बाटली होती. एका बीकरमध्ये ते घेतलं, दुसऱ्यात कॅनमधलं. बाकी सगळं सारखं. वीस मिनिटांत बाटलीतल्या पाण्याचा गोंद चामड्याच्या पट्टीवरून ओघळला. कॅनमधल्या पाण्याच्या गोंदानं चिकटवलेल्या पट्ट्या बाईंनी दोन्ही हातांनी ओढल्या, मग मावशींना ओढायला लावल्या. सुटेनात.

फोन वाजला. "झालं का? माणसं जमलीत."

"झालं," बाई म्हणाल्या. "टाकीत इथल्या नळाचं पाणी घालायचं. किती, ते पाच मिनिटांत सांगते."

मॅनेजर काहीतरी बोलत होता, त्यांनी ऐकलं नाही. वही उघडली, पेन घेतलं. "मावशी, आता घाबरू नका. नीट सांगा. कॅनमध्ये नळाचं किती घालता?"

"थोडं."

"थोडं म्हणजे? वहीत 'थोडं' लिहू मी?"

"कधी मगभर, कधी अर्धा कॅन. रोजचं सारखं नसतं."

"पण मग ठरवता कशावरून?"

बाईंनी वहीची मागची पानं चाळली. ज्या तारखांना गोंद सर्वांत पक्का झाला होता, त्या त्यांनी वाचून दाखवल्या. दुसऱ्याच तारखेला मावशी म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही ओरडून मला बाहेर काढलं होतं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं, म्हणून लक्षात आहे."

बाईंनी वही मिटली. चाराला आठ मिनिटं होती. मावशींच्या हातात मग देऊन त्यांनी दुसरा, रिकामा कॅन नळाखाली ठेवला. "बरं. त्या दिवशी जेवढं घातलंत, तेवढं घालून दाखवा. मी मोजते."

मावशींनी नळ सोडला, हातातला मग भरला, आणि तो तसाच नळाखाली धरून उभ्या राहिल्या.

"असं नाही जमत, बाई. तुम्ही आधी ओरडा. मग हाताला अंदाज येतो."

बाईंनी तोंड उघडलं, पण आज ओरडायला राग येईना. मावशींच्या हातातला मग नुसताच भरून वाहत राहिला.