झाकणभर पाणी

"उचला भंडारा, सोजराबाई. आन् म्हणा, बाटलीत पाणी न्हाई घातलं."

उत्तमरावांनी हळदीचं ताट पुढं सरकवलं. खंडोबाच्या देवळापुढं अर्धं गाव उभं होतं. हातात भंडारा घेऊन खोटं बोलणाऱ्याचं काय होतं, ते इथं कुणाला सांगावं लागत नाही.

सोजराबाई हलल्या नाहीत. नवरा गेल्यापासून फाट्यावरच्या टपरीत त्या बिस्किटं, साबण आणि बाटलीतलं पेट्रोल विकत. पंप पार लांब, त्यामुळे अडला-नडला त्यांच्याकडंच यायचा. आजवर कुणी मापाकडं बोट दाखवलं नव्हतं. आज नाव खराब झालं की टपरी उठली, आणि टपरी उठली की खायचं काय? पण उत्तमराव माळकरी माणूस. ते उगाच कुणावर आळ घेणार नाहीत, असं सगळं गाव धरून चाललं होतं.

उत्तमरावांचं दुःखही लहान नव्हतं. त्या दिवशी थोरले भाऊ उकंडराव हिंगोलीच्या दवाखान्यात शेवटचे श्वास मोजत होते. "उत्तम आला का?" एवढंच विचारत होते. फोन आला तसे उत्तमराव मोटरसायकलवर निघाले. सोजराबाईंच्या टपरीवर थांबून बाटलीभर पेट्रोल टाकीत ओतलं, आणि माळावर गाडीनं जीव सोडला. किका मारून मारून पाय सुजला. रस्त्याला चिटपाखरू नाही. कशीबशी जीप मिळाली, दवाखान्यात पोचले, तर भावाच्या तोंडावर कापड ओढलेलं! बापामागं ज्यानं लहानाचं मोठं केलं, त्याच्याशी शेवटचं बोलणंही झालं नाही.

पुढं मुन्ना मेकॅनिकनं गाडी खोलली. टाकीत होतं ते काचेच्या बाटलीत काढलं. वर पेट्रोल आणि खाली तीन बोटं पाणी. "पाव बाटली पाणी हाणलं बाईनं," मुन्ना बोलून गेला. झालं! गावाला दुसरं काय लागतं? दहाव्याच्या जेवणापर्यंत सोजराबाई चोर ठरल्या होत्या.

"मी पेट्रोल विकते, पाणी न्हाई," सोजराबाई आता म्हणाल्या. मान ताठ होती.

"काहून खोटं बोलून राहिल्या, मावशी? किती घातलं ते आत्ताच दाखवतो." मुन्नानं आपल्या गाडीतलं पेट्रोल एका बाटलीत काढलं. पंपावरून सकाळीच भरलेलं, एकदम साफ. "आधी झाकणभर पाणी टाकतो. मग वाढवत जातो. तीन बोटं व्हायला किती लागते ते समद्याइनं मोजा."

त्यानं झाकणभर पाणी टाकलं, बाटली हलवली आणि पायरीवर ठेवली. पेट्रोल गढूळ झालं. मग हळूहळू निवळलं. खाली एक रेघ दिसायला लागली, आणि ती रेघ वर वर सरकत गेली. एक बोट. दोन बोटं. तीन बोटं.

मुन्नानं हातातल्या झाकणाकडं पाहिलं, मग बाटलीकडं.

"म्या तर झाकणभरच टाकलं," तो चाचरत म्हणाला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. "आताच्या पेट्रोलात उसाचं इथेनॉल मिसळतात. स्पिरीटच म्हणा ना. ह्याला जरासं पाणी भेटलं, का हे पेट्रोलाला सोडून पाण्यासंगं तळाला बसते. हे खालचं समदं पाणी न्हाई. मावशे, म्या लय वंगाळ बोललो तुला."

गर्दी सैल झाली. दोघं-तिघं तर घरी जायला वळले. पण उत्तमराव जागचे हलले नाहीत.

"झाकणभर का असंना," ते म्हणाले. "माह्या भावाच्या अन् माह्या मधी तेवढंच आडवं आलं. ते तरी आलं कुठून?"

सोजराबाईंचा हात भंडाऱ्याकडं निघाला होता. तो मधेच थांबला. त्यांना ती दुपार आठवली, टपरीपुढचा रांजण आठवला. सांगायचं ते अगदी ओठावर आलं. तेवढ्यात त्यांची नजर उत्तमरावांवर गेली. भादरलेलं डोकं, खोल गेलेले डोळे. ह्या माणसानं त्या दिवसापासून धड चार घास खाल्ले नव्हते. त्यांनी हात मागं घेतला.

"न्हाई उचलत भंडारा," त्या म्हणाल्या. "पाणी माह्याच हातानं गेलं. चुकी माही हाये."

"ऐका! आता स्वतःच्या तोंडानं सांगून राहिली!" मागून कुणीतरी ओरडलं. "उठवा ती टपरी!"

सोजराबाईंनी पदर सावरला आणि वाट काढत त्या निघाल्या.

उत्तमरावांचं मात्र त्यांच्याकडं लक्षच नव्हतं. ते पायरीवरच्या बाटलीकडं टक लावून बघत होते. अर्धवट खरवडलेलं लेबल, त्यावर सोनेरी अक्षरं. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. ते मटकन खाली बसले.

"थांबा, वयनी," ते म्हणाले. मग गावाकडं वळले. "त्यायनं अशीच भरलेली बाटली दिलती मला. दारूची बाटली हाये, माळकऱ्याला चालत न्हाई म्हणून मीच ती रिकामी करून धुवायला लावली, आन् निथळूबी न देता तशीच परत भरून घेतली."